एकेक कौल

कौलं शाकारणाऱ्या त्या माणसाला सगळे मांजर म्हणत. लोकांनी हे नाव कौतुकाने ठेवलंय अशी त्याची पक्की समजूत होती, आणि ती खरीही होती. छपराच्या आढ्यावरून तो असा चालायचा, की खाली घरात झोपलेल्या माणसाची झोप चाळवू नये. आता मात्र तो स्वतःच म्हणतो, "मांजर झाडावर मोठ्या ऐटीत चढतं आणि मग उतरता येईना म्हणून केकाटत बसतं. लोकांनी नाव अगदी विचार करून ठेवलं होतं, मलाच कळायला उशीर झाला." चहाच्या टपरीवर नवा माणूस दिसला की तो ही गोष्ट सुरू करतो. सांगताना कुणाची भीडभाड ठेवत नाही, स्वतःची तर मुळीच नाही.

उमेदीच्या काळात त्याचा रुबाब काही विचारू नका. चहा आला की खाली उतरावं, चार माणसांत बसून प्यावा, तर ते नाही. किटली दोरीने वर ओढून घ्यायची, आढ्यावर मांडी ठोकून बसायचं आणि रस्त्याने जाणाऱ्यायेणाऱ्याला हाका मारून खुशाली विचारायची. त्यांच्या खुशालीशी त्याला काडीचंही देणंघेणं नसे. लोकांनी मान वर करून आपल्याकडे बघावं, एवढाच हेतू. भिंती बांधणाऱ्या गवंड्यांना तो 'पायाखालची माणसं' म्हणे, आणि गवंडीही हसून सोडून देत. घरी आला तरी आवाज खाली यायला तयार नसे. बायकोकडे पाणी मागताना असा ओरडायचा, की शेजारीणच पेला भरून दारात उभी राहायची.

बायको कामावर त्याच्याबरोबर असे. लग्न झालं तेव्हा तीही वर चढायची, आणि बरी चालायची. पण "वर दोघांचं काम नाही" असं म्हणून त्यानेच तिला खाली ठेवलं. तेव्हापासून कौलं वर पोचवायचं काम तिचं. दोन कौलं पोटाला पोट लावून ती हातांत धरी, गुडघ्यांत जराशी वाके आणि ती जोडी अशी अलगद वर फेकी, की दोन्ही कौलं एकमेकांना न सोडता त्याच्या हातांत जाऊन बसत. तो बघतसुद्धा नसे. उतरत्या पाखावर पाय रोवून उभा, तोंडाने कुणाशी तरी बाता चाललेल्या, आणि हात आपले जोडी झेलून बाजूच्या चळतीवर ठेवतायत. नवराबायकोत भांडणं होत नसत असं नाही, भरपूर होत. पण कौलं फेकताना कधी झालं नाही, कारण त्या कामात दोघांना बोलायची गरजच पडत नसे. बघणारे म्हणायचे, "काय झेलतो बुवा!" काय फेकते, असं कुणी म्हटल्याचं त्याला आठवत नाही. तो स्वतः तर म्हणणं शक्यच नव्हतं.

आणि एक दिवस हा गडी पडला. आढ्यावरून नव्हे, पाखावरून नव्हे, शिडीवरूनही नव्हे. स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडला, दिवा बदलताना.

लागलं असं काही नाही. कंबर दोन दिवस धरली, मुलीने फोनवर पोटभर हसून घेतलं आणि प्रकरण मिटलं. पण त्यानंतर तो पहिल्यांदा कामावर गेला, एका घराच्या आढ्यावर उभा राहिला, आणि त्याला खाली जमीन दिसली. जमीन तिथे आधीही होतीच. इतकी वर्षं त्याने तिची दखल घेतली नव्हती, इतकंच. आता ती दिसायला लागली आणि दिसायची थांबेचना. हा रुबाबदार मनुष्य भर दुपारी आढ्यावर रांगायला लागला. खालून घरमालकाने विचारलं, "काय शोधताय?" तो म्हणाला, "बारीक भेगा. उभ्याने दिसत नाहीत."

तेव्हाच कुणाला तरी सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. पण सांगणार कोणत्या तोंडाने? वर चढायचं नाही तर मग त्याने करायचं काय? दुसरा धंदा येत नव्हता, आणि खालच्या माणसांना आपण काय म्हणत आलो ते पाठ होतं. एकदा का बातमी फुटली की कामाला कोणी बोलावणार नाही, आणि टपरीवरचे गवंडी उरलेलं आयुष्य त्याला 'कसे आहात, पायाखालचे?' असं विचारत राहणार. त्यापेक्षा मूग गिळून बसणं परवडलं.

मग त्याने एक नवी पद्धत काढली. भीती माणसाला काय काय सुचवते! गळकं घर दिसलं की तो वर चढायचाच नाही. घरातलं टेबल मागवायचा, त्यावर उभा राहायचा, आणि आतूनच एकेक कौल उचलून, फुटकं काढून, चांगलं सरकवून बसवायचा. टेबल उंच असलं तर कुणालातरी धरून ठेवायला लावायचा. वर आणखी प्रवचन: "बाहेरून काय, कुणीही करील. कौलाचं दुखणं आतूनच कळतं." लोकांना हे भारीच आवडलं. चपला काढून वर चढणाऱ्या माणसापेक्षा टेबलावर उभं राहून छताकडे डोळे बारीक करून बघणारा माणूस त्यांना जास्त जाणता वाटायला लागला. आपल्या घाबरटपणाला लोक विद्या समजतायत हे बघून त्याला आधी लाज वाटली. मग सवय झाली. पुढे पुढे तर तो स्वतःही थोडंफार खरं धरून चालू लागला.

तरी सगळीच कामं आतून होत नसत. पूर्ण पाख नव्याने घालायचं म्हटलं की वर जाणं आलंच. अशा वेळी तो वळचणीपासून जेमतेम हातभर वर, उघड्या रिपांवर, म्हणजे कौलं ज्या लाकडी पट्ट्यांना अडकतात त्यांच्यावर, बूड टेकून बसायचा, आणि बसल्या जागेवरून काम रेटायचा. हे सगळं चालू असतानाच त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. बायको आता जोडी फेकत नव्हती. एकेकच कौल फेकत होती.

त्याला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. बिचारी थकली, हात राहिले नाहीत पूर्वीचे! तिला बोलून दाखवायचं नाही, एवढा मोठेपणा त्याने केला. टपरीवर मात्र सगळ्यांना सांगितलं. "आमच्या हिचे खांदे गेले हो. एकेक फेकते आता. कामाला दुप्पट वेळ लागतो, पण मी चकार शब्द काढत नाही. उगाच मन कशाला दुखवायचं?" टपरीवाला म्हणाला, "असा नवरा मिळायला नशीब लागतं." हे ऐकून त्याचा ऊर भरून आला, आणि येताना तो बायकोसाठी खांद्याला चोळायच्या तेलाची बाटली घेऊन आला. तिने बाटलीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, "बरं" म्हणाली आणि बाटली फळीवर ठेवून दिली. पुढे आणखी एक आणली. तिसरीही आणली. तीही फळीवर गेली.

असं वर्षभर छान चाललं होतं. मग एका रात्री वाऱ्याने थैमान घातलं आणि सकाळी व्याह्यांचा फोन आला.

व्याही म्हणजे मुलीचे सासरे. टपाल कचेरीतून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे, आणि कोणतंही काम चार माणसांच्या देखत झालं तरच झालं असं मानणारे. म्हणाले, "आढ्यावरची सगळी कौलं खिळखिळी झालीयत. दुसऱ्या कुणाला बोलावलं तर तुमचा अपमान होईल. तुम्हीच या."

"आधी आतून बघू या की," हा म्हणाला.

"आढं आतून कसं बघणार? ते तर वरूनच मालात बसवलेलं असतं ना?"

बरोबरच होतं त्यांचं. दोन्ही पाखं जिथे मिळतात तिथली मोठी कौलं वरून सिमेंटच्या मालात बसवावी लागतात, टेबलावर उभं राहून तिथे हात पोचत नाही. एवढ्या थापा मारलेल्या माणसाला याच्यावर मात्र एकही थाप सुचली नाही. त्यातून मुलगी. लग्न होऊन त्या घरात गेल्यापासून ती कौतुकाने सांगत आली होती, माझे बाबा आढ्यावर बसून चहा पितात म्हणून. आता त्याच घराच्या आढ्यावर तो रांगला तर टपरीवरच्यांचं राहू द्या, मुलीला मान खाली घालावी लागणार होती. त्या रात्री त्याला झोप नाही. पहाटे डोळा लागला तर स्वप्नात स्टूल आलं.

व्याह्यांच्या घरी पोचला तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या. शेजारचे दोघेतिघे येऊन बसलेले. सगळ्यांना चहा दिला गेला आणि त्याचा कप मुलीने मुद्दाम बाजूला झाकून ठेवला. "तुमचा वर पाठवते ना, बाबा?" ती हसून म्हणाली. त्याने मान डोलावली.

चढला. कसा चढला ते विचारलं तर सांगतो, "डोळे मिटून." घर ठेंगणं होतं, पण त्याला ठेंगण्या-उंचाचं काही राहिलं नव्हतं. पाखावरून चार पायांवर आढ्यापर्यंत गेला, घोड्यावर बसतात तसा आढ्यावर बसला, दोन्ही हातांनी पुढचं कौल घट्ट धरलं, आणि तिथेच संपलं सगळं. पुढे सरकता येईना, मागे येता येईना. मुलीने दोरीला किटली बांधली. ओढायला हात तर मोकळा हवा!

"काय चाललंय?" व्याह्यांनी खुर्चीतून विचारलं.

"कल बघतोय," तो म्हणाला.

"कसला?"

"आढ्याचा."

व्याह्यांनी शेजाऱ्यांकडे बघून मान हलवली, बघा, हे असं असतं, अशा अर्थाने. शेजारीही आढ्याचा कल बघू लागले. बराच वेळ सगळ्यांनी मिळून कल बघितला. मग शेजाऱ्यांपैकी एकाला जांभई आली.

बायको कुंपणाच्या भिंतीवर चढून उभी होती. आढ्याखालच्या ओळीत काही कौलं फुटली होती, ती बदलायची म्हणून तिने एक कौल हातात घेतलं. "टाकू का?"

"टाक," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

कौल आलं, नेहमीसारखं बरोबर हातापाशी आलं. फक्त हात आला नाही. कौल आढ्याशेजारी आपटलं, खालची दोन फोडून पाखावरून घसरत गेलं आणि व्याह्यांच्या फुलझाडाच्या कुंडीवर जाऊन पडलं. सगळे उठून उभे राहिले. मुलीचा चेहरा पडला. त्याला वरून अगदी स्पष्ट दिसला, कारण आता त्याला जमिनीवरचं सगळंच फार स्पष्ट दिसत होतं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात कधी वाटली नाही इतकी स्वतःची कीव आली.

बायको भिंतीवरून उतरली. हात झटकत मोठ्याने म्हणाली, "त्यांच्या खांद्याला सकाळपासून चमक भरलीय. नको म्हटलं तरी ऐकतायत कुठे! आढं मीच करते." आणि कुणी काही बोलायच्या आत चप्पल काढून, हातात थापी घेऊन, शिडीवरून सरळ वर आली. पाखावरून चालत आली, उभ्याने.

"हात सोडा," ती जवळ बसून हळूच म्हणाली.

"सुटत नाहीत."

"एकेक बोट सोडा."

त्याने एकेक बोट सोडलं. "आता उतरू कसा? सगळे बघतायत. रांगत गेलो तर..."

तिने जरा विचार केला. मग आढ्याखालची कौलं भराभर काढून बाजूला रचली, थापीच्या टोकाने एक रीप उचकटली आणि पडलेल्या भोकाकडे बोट दाखवलं. "आतून जा. आतूनच बरं कळतं म्हणता ना?"

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात हजारो भोकं बुजवली, तो त्या भोकातून आधी पाय, मग पोट, मग डोकं असा आत गेला. पोटाशी जरा अडकला, तेव्हा बायकोने वरून खांद्यांवर दाब दिला. खाली व्याहीणबाईंची खोली होती. त्या निवांतपणे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. छतातून आधी दोन पाय आले, ते हवेत चाचपडत कपाटावर टेकले, आणि मग सुनेचे वडील, धुळीने माखलेले, कपाटावरून पलंगावर आणि पलंगावरून जमिनीवर उतरले. बाईंच्या हातातली चादर हातातच राहिली.

"बरंय ना सगळं?" त्याने विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तुमचं?"

"आतून तपासलं," तो म्हणाला, आणि साळसूदपणे पुढच्या दाराने अंगणात येऊन उभा राहिला. व्याह्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा आढ्याकडे. काही गोष्टी विचारायच्या तरी कशा, हे त्यांनाही सुचलं नसावं.

वर बायको कामाला लागली होती. तिने सुटलेली कौलं उचलली, घमेल्यातला माल थापीने पसरला, दाबून दाबून एकेक बसवलं. खालच्या ओळींना कौलं लागायला लागली तशी ती पाखाच्या मध्यावर येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केले. आता फेकायचं याने.

फेकणं म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी कळलं. पहिलं कौल वळचणीला आपटून फुटलं. दुसरं त्याच्याच पायाशी आलं. व्याह्यांनी खुर्ची मागे घेतली. हळूहळू जमलं. एकेक कौल वर जाऊ लागलं आणि ती एका हाताने सहज झेलून ठेवू लागली. याच्या खांद्यातून मात्र कळा यायला लागल्या. इतकी वर्षं ही हे करत होती, आणि लोक म्हणत होते काय झेलतो!

ती वळचणीपाशी येऊन उकिडवी बसली. "जोडीनं फेका. असं एकेक कधी पुरायचं?"

"नको गं," तो खालून हलकेच म्हणाला. "तुझे खांदे..."

"माझ्या खांद्यांना काय झालंय?"

"वर्षभर एकेकच फेकत होतीस. मला काय दिसत नव्हतं?"

ती दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "तुमचा एक हात रिपेला असायचा. जोडी फेकली असती, तर झेलली कशाने असती?"

एवढं बोलून ती उठली, पाखाच्या मध्यावर गेली आणि वळून मोठ्याने म्हणाली, "टाका जोडी. माझे दोन्ही हात मोकळे आहेत."

त्याला थोडा वेळ कौलं नीट दिसेनात. धूळ गेली म्हणून त्याने डोळे पुसले. धूळ खरीच होती अंगावर, त्यामुळे निभावलं. मग दोन कौलं पोटाला पोट लावून धरली, गुडघ्यांत वाकला आणि फेकली. वाटेत ती सुटली. एक तिने एका हाताने झेललं, दुसरं दुसऱ्या हाताने. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. त्या दिवशी दोरीने ओढलेली किटली आढ्यावर गेली खरी, पण चहा आईने प्यायला.

आता बायको वर असते आणि हा खाली असतो. टपरीवरचे गवंडी त्याला काय विचारायचं ते विचारतातच. तो सांगतो, "पायाखालचा माणूस मी. जपून चाला." मांजर हे नाव मात्र लोकांनी काढून घेतलेलं नाही, म्हणतात, राहू दे, एवढ्या हौशीने ठेवलंय.

त्या दिवशी संध्याकाळी व्याह्यांकडून घरी आला तेव्हा त्याचा उजवा हात वर होत नव्हता. बायकोने फळीवरून बाटली काढली. तिन्ही बाटल्या तशाच होत्या, झाकण न उघडलेल्या. तिने पहिल्या बाटलीचं झाकण फिरवलं आणि त्याच्या मागे बसून खांदा चोळायला घेतला.

"कळलं होतं तर सांगितलं का नाहीस?" त्याने भिंतीकडे बघत विचारलं. या खेपेला आवाज शेजारपर्यंत गेला नाही.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "तुम्ही तेल घेऊन आलात."

आणि तिने खांदा जरा जास्तच जोरात दाबला. तो ओरडला नाही.